यादीत नसलेला धातू

बांगलादेशातल्या खेड्यांत ४३० गरोदर बायकांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा त्यांतल्या ३१ टक्के बायकांच्या रक्तात दर डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. भातशेतीची ही खेडी. मोठे कारखाने लांब, वाहनांची वर्दळ बेताची, शिसं घातलेलं पेट्रोल देशातून केव्हाच हद्दपार झालेलं. तरी शिसं आईच्या रक्तात होतं, आणि आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतंच.

शरीराला शिशाचा काडीचाही उपयोग नाही. पण ते कॅल्शियमचं सोंग घेऊन शरीरात शिरतं, हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं मुक्काम करतं. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना बाईचं शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून बाळाला देतं. त्याबरोबर लहानपणापासून साठलेलं शिसंही बाहेर पडतं. ताप नाही, उलटी नाही, अंगावर पुरळ नाही. मुलाचा बुद्ध्यांक थोडा उतरतो, लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं आहे. त्यांतली सत्तावीस कोटींहून अधिक मुलं एकट्या भारतातली आहेत.

बांगलादेशातल्या या बायकांच्या रक्तात शिसं आलं कुठून, याचा माग काढायला स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेना फोर्सिथ, स्टीफन लुबी आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संशोधन संस्थेतले त्यांचे सहकारी निघाले. शेतातली माती, तांदूळ, कीटकनाशकं, डाग दिलेले पत्र्याचे डबे, बायका गरोदरपणी खातात ती भाजकी माती, हे सगळं तपासलं. संशयितांच्या यादीत हळदही होती. एक-एक नाव खोडत गेलं आणि हळदीवर बोट थांबलं.

बोट थांबलं म्हणजे आरोप सिद्ध झाला असं नाही. हळदीत शिसं आहे आणि रक्तातही आहे, पण दोन्ही एकच कशावरून? इथे शिशाचा एक गुण कामी आला. शिशाचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. २०४, २०६, २०७ आणि २०८ अशा वजनांची त्याची चार समस्थानिकं निसर्गात सापडतात, आणि ज्या खाणीतून शिसं निघालं त्या खाणीच्या खडकानुसार त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं. खाणीतून रंगात, रंगातून अन्नात, अन्नातून रक्तात असा प्रवास झाला तरी हे प्रमाण पुसलं जात नाही. बायकांच्या रक्तातल्या शिशाचं प्रमाण हळदीतल्या शिशाशी जुळलं. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हळदीत शिसं जातं कसं हे समजून घ्यायला आपल्याला ढाक्याला जायची गरज नाही. सांगली किंवा वसमतकडचा कोणीही शेतकरी ही वाट डोळ्यांसमोर आणू शकेल. हळद काढली की शिजवतात. मग खळ्यावर पसरून उन्हात वाळवतात. वाळलेलं हळकुंड वरून मळकट, खवल्याखवल्यांचं, मुळ्यांचे तुसे असलेलं दिसतं. ते लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवायचं, हळकुंडावर हळकुंड घासलं जातं, साल निघते आणि माल उजळतो. याला पॉलिश म्हणतात. सौद्याला आलेला व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर हळकुंडं वर काढतो, एक मोडून पाहतो. कडक वाळलेलं असलं तर ते टणकन तुटतं, आणि आतला केशरी-पिवळा रंग भाव ठरवतो. पण घाऊक बाजारात दुरून दिसतो तो वरचा रंग. फसवणूक शिरते ती या पॉलिशच्या टप्प्यावर.

बांगलादेशात ही सवय १९८० च्या दशकापासूनची. एका मोठ्या पुरात हळद भिजली, वाळवण नीट झालं नाही, माल निस्तेज पडला. गिऱ्हाइकाला तर झळझळीत पिवळी हळद हवी. मग पॉलिश करताना ड्रममध्ये पिवळी पूड पडू लागली. तिथे तिला ‘पिउरी’ म्हणतात. ती म्हणजे लेड क्रोमेट, फर्निचरच्या आणि खेळण्यांच्या रंगात वापरलं जाणारं रंगद्रव्य. चिमूटभर टाकली की किडलेलं, डागाळलेलं हळकुंडही झाकलं जातं आणि पॉलिशलाही वेळ कमी लागतो. ओल हा हळदीचा शत्रू हे आपल्याकडेही नवं नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, आणि २००५ च्या महापुरानं त्यांतली कितीतरी पेवं निकामी केली.

लेड क्रोमेटच्या वजनात जवळजवळ ६४ टक्के शिसंच असतं. बांगलादेशातल्या हळदीच्या एका नमुन्यात दर ग्रॅमला १,१५२ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं, म्हणजे १,१५२ पीपीएम. एक टन हळदीत एक ग्रॅम शिसं असलं तर तो एक पीपीएम. तिथली कायदेशीर मर्यादा होती २.५.

इतकं शिसं शेतातून येऊ शकत नाही का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मातीच मोजून द्यावं लागतं. प्रदूषण नसलेल्या शेतजमिनीत शिसं साधारण दहा-वीस पीपीएम, फार तर त्याच्या काही पट असतं, आणि ते मातीच्या कणांना, सेंद्रिय द्रव्याला घट्ट चिकटून राहतं. मुळं त्यातलं फार थोडं उचलतात. वीस पीपीएमच्या जमिनीतून हजार पीपीएमचं हळकुंड उगवत नाही. कॅडमियमचं मात्र उलट आहे. ते जमिनीतून पिकात सहज चढतं. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भातातून ते माणसांच्या हाडांत गेलं, हाडं ठिसूळ झाली, आणि ‘दुखतंय, दुखतंय’ या रुग्णांच्या विव्हळण्यावरून त्या रोगाला नाव पडलं. आर्सेनिक तिसऱ्याच तऱ्हेचं: पाणी साचलेल्या भातखाचरात ते सुटं होतं आणि भाताच्या मुळांत शिरतं. तीनही धातू ‘जड’ म्हणून एका ओळीत लिहिले जातात (आर्सेनिक तर काटेकोरपणे धातूही नाही), पण प्रत्येकाची चाल वेगळी आहे आणि प्रत्येकाला वेगळं गाठावं लागतं.

मातीचा नमुना घ्यायची रीत शेतकऱ्याला पाठ आहे. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा, नांगराच्या खोलीपर्यंतच्या मातीची एक कड, सगळी माती गोणपाटावर एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. पण या मातीचं पुढे काय होतं? २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय हवं याची ही यादी आहे. माणसाला काय नको, ते या यादीत नाही. शहराच्या सांडपाण्यावर मेथी-पालक पिकवणाऱ्याच्या हातात हीच पत्रिका पडते, आणि ती पाहून जमीन ठीक आहे असं त्याला वाटलं तर दोष त्याचा नाही.

यादीत काय धरलं आणि काय गाळलं याची किंमत याच बांगलादेशानं आधीही मोजली होती. दूषित तळ्यांच्या पाण्यामुळे होणारी हगवण थांबावी म्हणून तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. १९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनं तिथलं भूजल तपासलं. तपासलेल्या घटकांची यादी लांबलचक होती, आर्सेनिक तिच्यात नव्हतं. पुढे कोट्यवधी लोक आर्सेनिकयुक्त पाणी पीत असल्याचं उघड झालं. तिथल्या एका रहिवाशानं लंडनमध्ये दावा लावला, तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००६ साली फेटाळला गेला. जे मोजण्याचं काम संस्थेकडे सोपवलेलंच नव्हतं त्याची जबाबदारी तिच्यावर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीनं तो बरोबर असेल. पण तपासणीचा अहवाल हाती आला की वाचणारा त्याला ‘पाणी चांगलं’ असंच समजतो, आणि न मोजलेल्या रकान्याचा अर्थही शून्य असाच लावला जातो. मला वाटतं, या विषयातली सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे.

आणि समजा यादीत नाव आलं, तरी मोजणं सोपं नाही. बाजारात फिरवता येतं ते हातातलं एक्सआरएफ यंत्र: पकड, चाप, पुढे इवलीशी खिडकी आणि मागे पडदा. खिडकी हळदीवर टेकवून चाप दाबला की क्ष-किरण आत शिरतात आणि अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मोकळ्या जागी बाहेरचा इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना ठरावीक ऊर्जेचा किरण सोडतो. ही ऊर्जा मूलद्रव्यागणिक वेगळी, त्यामुळे एका मिनिटात यंत्र सांगतं की आत कोण आहे. पण गोम अशी की शिशाचा एक ठळक किरण १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येतो आणि आर्सेनिकचा १०.५४ वर. यंत्राला हे दोन वेगळे दिसत नाहीत. म्हणून शिशासाठी त्याचा दुसरा, १२.६ जवळचा किरण पाहावा लागतो. जिथे भातात आर्सेनिक आहे आणि हळदीत शिसं, तिथे ही गफलत कागदावरची राहत नाही. शिवाय काही पीपीएमच्या खाली हे यंत्र खात्रीनं बोलत नाही. शेकडो पीपीएमची भेसळ पकडायला मात्र ते पुरेसं आहे, आणि नमुना जाळावा किंवा विरघळवावा लागत नाही.

बारीक मोजायचं तर प्रयोगशाळा. अर्धा ग्रॅम हळद टेफ्लॉनच्या बंद भांड्यात तीव्र नायट्रिक आम्लासोबत मायक्रोव्हेवमध्ये तापवतात. हळदीचा रंग, वास, तंतू सगळं जिरतं आणि हाती स्वच्छ द्रव उरतो. तो ५० मिलिलिटरपर्यंत पातळ केला की हळदीतला एक पीपीएम आता लिटरला १० मायक्रोग्रॅम झालेला असतो. हा द्रव आर्गॉन वायूच्या काही हजार अंश तापलेल्या ज्योतीत फवारला जातो, अणूंचे आयन होतात आणि यंत्र ते वजनानुसार वेगळे करून मोजतं. इथेही चकवे आहेत. ज्योतीतला ४० वजनाचा आर्गॉन नमुन्यातल्या ३५ वजनाच्या क्लोरीनला चिकटला की ७५ होतात, आणि आर्सेनिकचं वजन ७५ च आहे. म्हणजे सुकट किंवा लोणचं, कोणताही खारट पदार्थ आर्सेनिक नसताना आर्सेनिक दाखवू शकतो. त्यासाठी वाटेत हेलियम सोडून ही जोडगोळी वेगळी पाडतात.

यंत्रापेक्षा हातांची शिस्त मोठी. भांडी रात्रभर सौम्य नायट्रिक आम्लात बुडवलेली, काच शक्यतो नाही, प्लास्टिक. हळद ज्या स्टीलच्या मिक्सरमध्ये दळली त्याच्या पात्यातूनही क्रोमियम आणि निकेल येतं, म्हणून तेही लक्षात घ्यायचं. प्रत्येक खेपेला एक भांडं असं चालवायचं की ज्यात नमुना नाहीच, फक्त आम्ल: त्यात जेवढं शिसं दिसेल तेवढं प्रयोगशाळेचं स्वतःचं. एक भांडं असं की ज्यातलं प्रमाण आधीच प्रमाणित आहे, अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेकडची तांदळाची पिठी किंवा माती. तिचा आकडा चुकला तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद.

ही शिस्त क्लेअर पॅटरसन यांनी जगाला लावली. उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढायला ते निघाले आणि दर खेपेला शिसं जास्तच येई, कारण ते हवेतून, धुळीतून, केसांतून, कपड्यांतून येत होतं. कॅलटेकमध्ये त्यांनी अतिशय स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ साली पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं मांडलं. मग त्यांनी विचारलं की एवढं शिसं हवेत आलं कुठून, आणि पेट्रोल कंपन्यांशी उभं वैर घेतलं. अन्नाच्या संदर्भात त्यांचं १९८० चं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताज्या टूना माशात त्यांना दर ग्रॅमला ०.३ नॅनोग्रॅम शिसं मिळालं, डाग दिलेल्या डब्यातल्या माशात १,४००. इतर प्रयोगशाळांना हा फरक दिसलाच नव्हता. त्यांची स्वतःचीच धूळ ताज्या माशाच्या आकड्यात मिसळत होती, त्यामुळे ताजा आणि डबाबंद मासा जवळपास सारखाच वाटत होता. घाणेरड्या प्रयोगशाळेत निरपराध दोषी ठरतो, आणि खरा दोषी गर्दीत हरवतो.

आपल्याला याचा अनुभव २०१५ साली आला. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेल्या मॅगीच्या नमुन्यात कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेला १७.२ पीपीएम शिसं सापडलं, मर्यादा २.५ ची. ५ जूनला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं देशभर बंदी घातली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली: कंपनीची बाजू ऐकली गेली नाही, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना त्या चाचणीसाठी लागणारी मान्यता नव्हती. नव्यानं नमुने घेऊन मान्यताप्राप्त तीन प्रयोगशाळांत तपासायचा आदेश झाला आणि ते नमुने मर्यादेत निघाले. तोवर हजारो टन माल नष्ट झाला होता. त्या गदारोळात लोकांनी बाजू घेतल्या, देशी-परदेशीची भांडणं केली. शिसं मोजणारी भरवशाची प्रयोगशाळा आपल्या जिल्ह्यात आहे का, हे विचारणारे फार थोडे होते.

बांगलादेशानं दुसरा रस्ता धरला. २०१९ च्या अखेरीला तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं संशोधकांसोबत ढाक्याच्या श्यामबाजारात, हळदीच्या घाऊक पेठेत, एक्सआरएफ यंत्र नेलं. पोत्यातली हळद जागच्या जागी तपासली गेली, फिरत्या न्यायालयानं दोन घाऊक व्यापाऱ्यांना दंड केला आणि ते दूरचित्रवाणीवर सगळ्यांनी पाहिलं. व्यापाऱ्यांसाठी सुमारे ५०,००० पत्रकं छापून वाटली गेली: हे विष आहे आणि हा गुन्हा आहे. रंग टाकणाऱ्यांपैकी अनेकांना तो घातक आहे हेच ठाऊक नव्हतं. घरचे लोकही तीच हळद खात होते. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२० च्या सुरुवातीला ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं आणि २०२१ पर्यंत शून्यावर. हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही सरासरी ३० टक्क्यांनी उतरलं. तीस-पस्तीस वर्षांची सवय दोन वर्षांत गेली. ही गोष्ट वाचली तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण आपल्याकडे भेसळीविषयी बोलताना ‘हे असंच चालायचं’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येतं.

संशोधकांच्या त्याच गटानं मग शेजारच्या देशांत पाहिलं. भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळ इथल्या २३ शहरांतून हळदीचे ३५६ नमुने घेतले. २०२४ मध्ये आलेल्या या अभ्यासात १४ टक्के नमुने २ पीपीएमच्या वर निघाले, आणि हजार पीपीएमच्या वरचे नमुने पाटणा, कराची आणि पेशावरचे होते. शिसं जास्त असलेल्या नमुन्यांत शिशाच्या एका अणूमागे क्रोमियमचा साधारण एक अणू होता. लेड क्रोमेटमध्ये तसाच असतो. वजनात मोजलं तर चारास एक.

हे चारास एक ध्यानात ठेवण्यासारखं आहे. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या रक्तात शिसं वाढलं आणि माग इक्वेडोरहून येणाऱ्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांपर्यंत गेला. त्यात घातलेल्या दालचिनीच्या दोन नमुन्यांत अमेरिकी अन्न प्रशासनाला ५,११० आणि २,२७० पीपीएम शिसं मिळालं, क्रोमियम अनुक्रमे १,२०१ आणि ५३१. भागून पाहा, दोन्हीकडे सव्वाचारच्या आसपास येतं. फक्त शिसं मोजलं असतं तर ते माती, भांडी, दळणयंत्र कशातूनही आलं असं म्हणता आलं असतं. क्रोमियमही मोजल्यामुळे रंगाची पूड नजरेसमोर आली.

आपल्या घरातली हळद कशी ओळखायची, असं कोणी विचारलं तर उत्तर तोकडं आहे. हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाकून रंगाचे ओघळ दिसतात का हे पाहता येतं, पण ती कसोटी ढोबळ. दहा-वीस पीपीएम तिच्यात कळत नाही. आम्ल टाकून लाल रंग येतो का ही चाचणी मेटॅनिल यलो या कृत्रिम रंगाची आहे, शिशाची नाही. हळदीची राख सौम्य गंधकाम्लात विरघळवून डायफेनिलकार्बाझाइड टाकलं की क्रोमेट असेल तर गुलाबी रंग येतो, पण ते स्वयंपाकघरातलं काम नव्हे. बिनपॉलिशची, खरबरीत सालीची हळकुंडं आणून दळणं हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग, कारण रंग चढतो तो पॉलिशला.

पण हे ओझं गृहिणीवर टाकणं मला मान्य नाही. कायद्याकडेच पाहा. भारतात हळदीत शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे. युरोपात मुळांच्या मसाल्यांसाठी १.५. माणशी दिवसाला एक ग्रॅम हळद धरली तर आपल्या कायद्याला चालणाऱ्या हळदीतून दिवसाला १० मायक्रोग्रॅम शिसं पोटात जाऊ शकतं. अमेरिकी अन्न प्रशासन मुलांसाठी २.२ आणि बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम हा अन्नातून येणाऱ्या सगळ्या शिशाचा दिवसाचा आकडा धरतं. आपल्या वरणात, भाजीत, चिवड्यात, दुधात, सगळीकडे हळद असते, आणि मर्यादा मात्र हळद क्वचित खाणाऱ्यांपेक्षा सहापट सैल.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, वायगावला त्याआधी मिळालं होतं, वसमतला अलीकडे. बांगलादेश हे भारतीय हळदीचं मोठं गिऱ्हाईक आहे आणि त्याच्या बाजारात आता शिसं मोजतात. आपल्या प्रामाणिक शेतकऱ्याचा निस्तेज पण निर्मळ माल रंगवलेल्या मालापुढे पडेल भावानं जाऊ नये असं वाटत असेल, तर तपासणी सौद्याच्या आधी व्हायला हवी. एक्सआरएफ यंत्राची किंमत लाखांत जाते, पण रोज पोत्यांच्या थप्प्या हलणाऱ्या बाजार समितीला ती जड नाही. पॉलिश केलेल्या प्रत्येक लॉटमधून एक नमुना, एक मिनिट, शिसं आणि क्रोमियम दोन्ही, संशय आला तर तोच नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, आणि निघालेला आकडा भावाशेजारी त्याच फळ्यावर.